नोव्हेंबरातला स्वस्त आठवडा

कॅनडातलं आमचं न्यूफाउंडलंड बेट सोडून गेलेल्या माणसाला परत येऊन कॅरिबू हे इकडचं मोठं हरीण मारायचं असेल, तर सोबत परवानाधारक वाटाड्या घ्यावा लागतो. कायदाच तसा आहे, आणि त्यात काही चुकीचं आहे असं आमच्याकडे कुणाला वाटत नाही. बाहेरची माणसं धुक्यात हरवतात आणि मग त्यांना शोधायला आम्हालाच चिखल तुडवत जावं लागतं. पण गार्लंड पेलीने ओंटारियोतल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून तो अर्ज भरायला घेतला, तेव्हा त्याचं पेन अडलं. पत्ता लिहून झाल्यावर खाली चौकट होती, तिच्यासमोर छापलं होतं, ‘बाहेरचा’. त्याचा बाप, एसाव पेली, चाळीस वर्षं तिथल्याच माळावर अमेरिकन पाहुण्यांना कॅरिबू दाखवत फिरला होता. बापाच्या माळावर जायला मुलाला आता पैसे भरून वाटाड्या करायचा होता.

“हे बघ,” तो बायकोला म्हणाला. “मी बाहेरचा.”

“पस्तीस वर्षं झाली घर सोडून, मग काय घरचा?” डल्सी म्हणाली. “कर खूण आणि जेवायला ये. कोबी गार होतोय.”

त्याने चौकटीत खूण केली.

बकन्सची खाण बंद पडली तेव्हा गार्लंड चोवीस वर्षांचा होता. आमच्याकडची निम्मी तरणी मुलं तेव्हा गेली, तसाच तोही गेला आणि टायरच्या कारखान्यात चिकटला. धाकटा ओबेद मागे राहिला. त्याने बापाचं काम उचललं, बापाची किटली उचलली आणि म्हाताऱ्याला शेवटपर्यंत सांभाळलंही. एसावकाकांची एक ठरलेली थाप होती. मुलं लहान असताना संध्याकाळी बूट काढता काढता ते म्हणायचे, “एक दिवस तुम्हा दोघांना साहेब म्हणून नेणार. ओझं मी उचलणार, चहा मी करणार, तुम्ही नुसतं ‘तो बघा नर’ म्हटलं की बंदूक उडवायची.” तो दिवस कधी आला नाही. हंगामात बापाला सुट्टी नसायची आणि हंगाम संपला की माळावर कॅरिबू नसायचे.

सतरा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एसावकाका गेले. गार्लंड आला नाही. वादळ होतं, विमानं बंद होती, हे खरंच. पण वादळ चार दिवसांनी थांबलं आणि तेव्हाही तो आला नाही, हेही खरं. कारखान्यात दुप्पट पगाराच्या पाळ्या चालू होत्या. त्याने शवपेटीसाठी चेक पाठवला. दोन आठवड्यांनी तो चेक दुसऱ्या पाकिटातून परत आला, सोबत चिठ्ठी नव्हती. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

मग डोळ्यांचं सुरू झालं. उजव्या डोळ्याच्या बरोबर मधोमध राखाडी डाग आला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं पुसल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं, यावर औषध नाही, डावाही याच वाटेने जाईल. पाच वर्षांनी जाईल, नाहीतर दोन वर्षांनी. त्या दिवशी घरी येताना गार्लंडने ठरवून टाकलं. डावा डोळा आहे तोवर बापाच्या माळावर एक नर मारायचा, आणि ओबेदला सोबत घेऊन मारायचा. मांस दोघांनी अर्धं अर्धं घ्यायचं. सतरा वर्षांच्या अबोल्यावर याशिवाय दुसरा उपाय त्याला सुचत नव्हता.

त्याने त्या माळावरच्या शिकारी कॅम्पवर फोन लावला. कॅम्पची मालकीण रोवेना राइडाउट, आवाजाने भांडकुदळ आणि मनाने सरळ.

“सप्टेंबरचा आठवडा घ्या,” रोवेनाबाई म्हणाल्या. “नरांची डोकी बघून घ्या एकेकाची, झाडासारखी शिंगं.”

बाईंनी सप्टेंबरचा भाव सांगितला. तेवढ्या पैशात डल्सीचं स्वयंपाकघर नवं झालं असतं, वर छपरालाही उरले असते.

“त्याहून स्वस्त काही?”

“नोव्हेंबरातला शेवटचा आठवडा. तिसरा हिस्सा कमी. पण आधीच सांगते, थंडी मरणाची, आणि तोवर मोठ्या नरांची शिंगं गळून पडलेली असतात. शिंगं दिसतात ती माद्यांच्या डोक्यावर. भिंतीवर टांगायला काही मिळणार नाही. आणि परवाना फक्त नराचा आहे.”

“मला भिंतीवर काही टांगायचं नाही. मी एसाव पेलीचा मुलगा आहे बाई, मला नर-मादी शिकवू नका.”

“एसावकाकांचा? म्हणजे आमच्या ओबेदचा भाऊ? तो म्हणाला होता की त्याला भाऊ नाही.”

“मला वाटाड्या तोच हवा,” गार्लंड म्हणाला.

“विचारून सांगते.” दोन दिवसांनी बाईंचा निरोप आला. ओबेद म्हणाला, जो पैसे भरेल त्याला नेतो.

गार्लंडने अॅल्युमिनियमची होडी विकली. शनिवारी मॉलमध्ये फरशी पुसायचं काम धरलं, साठाव्या वर्षी. डल्सीने स्वयंपाकघराच्या फरशीसाठी ठेवलेलं पाकीट टेबलावर आणून आपटलं.

“घे. सात वर्षं त्या फुटक्या फरशीवर अडखळतेय, आणखी सात अडखळेन. पण भावाशी बोलल्याशिवाय घरी येऊ नकोस. कॅरिबू नाही मिळाला तरी चालेल.”

“कॅरिबू मिळाल्याशिवाय बोलायचं कशावर?” गार्लंड म्हणाला.

तो डाव्या खांद्यावर बंदूक घ्यायला शिकला. जन्मभर उजव्या हाताने नेम धरलेला माणूस, चांदमारीच्या मैदानावर पोरासोरांसमोर चुकत राहिला आणि उन्हाळा संपेपर्यंत दहातल्या आठ गोळ्या बरोबर मारू लागला. हा उन्हाळा त्याच्या आयुष्यातला बरा उन्हाळा होता, हे त्याला नंतर कळलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर चांदमारीच्या फळ्यावरचा काळा ठिपका नाहीसा झाला. त्याने डोळा चोळला, ठिपका आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, डावाही सुरू झाला, आणि भराभर चाललाय. पैसे भरलेले होते आणि ते परत मिळत नसत, तसं पावतीवरच लिहिलं होतं. गार्लंड घरी आला आणि डल्सीला म्हणाला, “आहे तसंच आहे.” रात्रभर त्याने अंदाज घेतला की सरळ न बघता जरा बाजूला बघितलं तर किती दिसतं. बरंच दिसत होतं. कॅम्पच्या कागदावर दृष्टीचा प्रश्न होता, तिथे त्याने ‘उत्तम’ लिहिलं.

डीअर लेकच्या विमानतळावर कॅम्पची गाडी घेऊन ओबेद स्वतःच आला होता. गार्लंडला आधी दिसला तो त्याचा लाल कोट, मग चाल. तीच बापाची चाल, डावा पाय जरा फेकत.

“कसा आहेस, ओबेद?”

“बरा. सामान द्या, साहेब.”

“साहेब काय रे? मी आहे.”

“पैसे भरलेत ना? मग साहेबच. बाबांनी सोळा वर्षांच्या अमेरिकन कार्ट्यालाही साहेब म्हटलं, मी तुम्हाला म्हटलं तर काय माझी जीभ झिजते?”

गार्लंडने बंदुकीची पेटी स्वतः उचलायला हात घातला. ओबेदने ती काढून घेतली.

आमच्याकडच्या वाटाड्यांची रीत आहे, पाहुणा बसल्याशिवाय वाटाड्या बसत नाही, पाहुण्याचं ओझं वाटाड्याच्या पाठीवर आणि पहिला चहाही पाहुण्याचा. ओबेदने तीन दिवस ही रीत अशी पाळली की गार्लंडला थोबाडीत मारलेली बरी वाटली असती. “इथे बसा, साहेब.” “दगड निसरडा आहे, साहेब.” तीन दिवस धुकं होतं आणि धुक्यात वारा. कॅरिबूंचे खूर बर्फावर उमटलेले, पण कॅरिबू नाहीत. संध्याकाळी कॅम्पमध्ये खारवलेलं मांस आणि सलगम खाऊन ओबेद ताट उचलायचा आणि नोकरांच्या खोलीत झोपायला जायचा. गार्लंड पाहुण्यांच्या खोलीत एकटा, चार रिकाम्या खाटांसोबत. एवढ्या उशिरा दुसरं कुणी येत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बर्फ भुरभुरायला लागलं. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला ओबेदने बापाची काळी किटली चुलीवर ठेवली, तव्यावर पिठाचे गोळे तळले आणि त्यावर काकवी ओतली. पहिला चहा त्याने गार्लंडच्या हातात दिला. कप धरायला गार्लंडचा हात चार बोटं बाजूला गेला. ओबेदने ते बघितलं.

“आणि डावखुरे कधी झालात तुम्ही? काल बंदूक डाव्या खांद्यावर घेऊन बघत होतात.”

“उजवा खांदा दुखतो. टायर उचलून उचलून.”

“डोळे बरे आहेत ना?”

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. किटली वाफाळत होती, दोघंच होते, आणि ओबेदने चार दिवसांत पहिल्यांदा त्याला मनापासून काही विचारलं होतं. पण गार्लंडला वाटलं, सांगितलं तर हा इथूनच परत नेईल, होडी गेली, फरशी गेली, आणि मी मोकळ्या हाताने घरी जाईन. “उत्तम,” तो म्हणाला.

ओबेद खाली बसला. पाहुण्याने सांगितल्याशिवाय, शेजारीच. “बाबा शेवटी तुझं नाव घेत होते,” तो म्हणाला. ‘तुझं’ म्हणाला. “त्यांना वाटायचं, तू दारात उभा आहेस. मी दोनदा दार उघडून दाखवलं.”

गार्लंडने हातातला गोळा खाली ठेवला. “मी यायला हवं होतं.”

“हो, हवं होतं.” ओबेदने चहा पिऊन कप झटकला. “उद्या शेवटचा दिवस. वारा फिरतोय. उद्या येतील.”

त्या संध्याकाळी ताट उचलल्यावर ओबेद दारात घुटमळला. “मांस किती न्यायचंय विमानात?” त्याने विचारलं. गार्लंड म्हणाला, अर्धं तुझं. ओबेद नाही म्हणाला नाही. गार्लंडला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

आणि ते आले. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, बर्फाचा पडदा जरा विरळ झाला तेव्हा, टेकडीच्या उतारावरून सात-आठ कॅरिबू एका रांगेत उतरू लागले. ओबेदने त्याला खांद्याला धरून दगडामागे बसवलं आणि कानाशी तोंड नेलं.

“पुढे शिंगवाली, ती मादी. तिला सोड. मागे बघ, सगळ्यात शेवटी, बोडका आहे, मान पांढरी, अंगाने बैलासारखा. तो नर. दिसला?”

गार्लंडने डाव्या डोळ्याला बंदुकीवरची दुर्बीण लावली. मधोमध राखाडी डाग. डागाच्या कडेने बर्फ. त्याने बंदूक हळूहळू हलवली, नजर बाजूला नेली, पांढऱ्यावर पांढरी मान शोधली. काही नव्हतं.

“दिसला ना?”

“दिसला.”

“मी म्हणेन तेव्हा. आडवा होऊ दे त्याला.”

मग डागाच्या वरच्या कडेला काहीतरी हललं. काळ्या रेघा, वर चढलेल्या, फांद्यांसारख्या. शिंगं. एवढं एकच त्याला पांढऱ्यात दिसलं. एसाव पेलीच्या मुलाला नोव्हेंबर काय असतो ते माहीत होतं, त्याने स्वतः फोनवर बढाई मारली होती. पण लहानपणी बापाच्या पाठीवरून घरी आलेलं प्रत्येक डोकं शिंगांचं होतं, आणि रांग पुढे सरकत होती, आणि पुन्हा काही दिसेल याची खात्री नव्हती. त्याने स्वतःला सांगितलं, एखाद्या नराची शिंगं राहतातही. ओबेदने अजून ‘मार’ म्हटलं नव्हतं. गार्लंडने चाप ओढला.

आवाज टेकड्यांमध्ये फिरत राहिला. ओबेद उठला आणि चालू लागला, गार्लंड त्याच्या लाल कोटाच्या मागे धडपडत गेला.

मादी होती. बारीक शिंगं, पोटाखाली आचळ. ओबेद तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. मग उठून गार्लंडसमोर उभा राहिला आणि त्याने पंजा वर केला.

“बोटं किती?”

गार्लंडने त्याच्या कानाच्या पलीकडे बघितलं, तसं बघितलं की समोरचं थोडं दिसायचं.

“माझ्याकडे बघ. सरळ. किती?”

“माहीत नाही.”

ओबेदचा हात खाली आला. “गार,” तो म्हणाला. लहानपणीचं नाव, पस्तीस वर्षांत कुणी न घेतलेलं. “गार, काय केलंस हे? काल विचारलं होतं ना मी? सांगितलं असतंस तर मी तुझ्या खांद्यामागे बसलो असतो, बंदूक धरून नेम लावून दिला असता. तू नुसता चाप ओढायचास. गेल्या वर्षी एका थरथरत्या म्हाताऱ्याला दिला होता तसा. तू तर माझा भाऊ.”

ही गोष्ट गार्लंडच्या डोक्यात एकदाही आली नव्हती. दोन वर्षं हिशेब, होडी, फरशी, डावा खांदा, एवढं सगळं त्याने एकट्याने जुळवलं होतं, आणि कुणाला तरी सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. तो बर्फात बसला आणि रडला.

मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, “बर्फात पुरून टाकू. पडतंय अजून. कुणाला कळणार?”

“बाबांनी माळावर मांस कधी टाकलं होतं?” ओबेद म्हणाला. त्याने कोटाच्या आतून फोन काढला, चढावर जिथे फोनला रेंज मिळते तिथे गेला, आणि वन्यजीव खात्याला स्वतःच कळवलं.

पाहुण्याने चुकीचं जनावर मारलं तर आधी वाटाड्याला जाब विचारतात. हे गार्लंडला माहीत होतं, बाप रोज सांगायचा. ओबेदचं वर्ष या कामावर चालायचं. हंगामाचे आठवडे भरले तरच हिवाळ्यात बेकारीचा भत्ता मिळे. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि आमच्याकडे दुसरं काही नाहीही.

दुपारी दोन वाजता रस्त्याच्या कडेला खात्याची गाडी आली. अधिकारी बाई ओबेदला ओळखत होत्या, आमच्याकडे कोण कुणाला ओळखत नाही? दोघा भावांनी मांस चार खेपांत खाली आणून ठेवलं होतं. बाईंनी आचळ बघितलं, शिंगं बघितली, आणि मान हलवली.

“ओबेद, तू? तुझ्या हातून असं?”

“बर्फ पडत होतं,” ओबेद म्हणाला.

“मार म्हणून कुणी सांगितलं?”

गार्लंडने तोंड उघडलं. तो सांगणार होता, खरंच सांगणार होता, डोळ्यांचं, कागदावरच्या ‘उत्तम’चं, सगळंच.

“साहेब, तुम्ही गाडीत बसा,” ओबेद त्याच्याकडे न वळता म्हणाला, पाहुण्यांशी बोलायच्या त्या सपाट आवाजात. “थंडी आहे. हे आमचं काम आहे.” आणि बाईंना म्हणाला, “मीच सांगितलं. माझी चूक.”

गार्लंड कॅम्पच्या गाडीत जाऊन बसला. थंडी वाजत होती म्हणून बसला, आणि त्याच्या मनाचा एक कोपरा, तो जन्मभर ज्याची लाज बाळगेल असा, सुटलो म्हणून बसला. काचेतून त्याला लाल कोट दिसत होता. कोटावरचा वाटाड्याचा बिल्ला काढून देताना ओबेदचा हात हलला तो दिसला. मांस त्यांनी ताडपत्रीत गुंडाळून खात्याच्या गाडीत चढवलं. बाई म्हणाल्या, खटला होईल, आणि पुढची काही वर्षं बिल्ला मिळेल असं धरून चालू नकोस. ओबेद सत्तावन्न वर्षांचा होता.

विमानतळावर त्याने गार्लंडची पेटी आत नेऊन दिली. गार्लंडने खिशातलं पाकीट काढलं, परतीच्या खर्चाचे उरलेले पैसे, सगळे.

“हे ठेव. हिवाळ्याला.”

ओबेदने पाकिटाकडे बघितलं असावं. “तू पुन्हा तेच करतोयस,” तो म्हणाला, न रागावता, आणि निघून गेला. डावा पाय जरा फेकत, लाल कोट, काचेचं दार, आणि मग दारच राहिलं.

विमानाला तास होता. डल्सीचा फोन आला.

“मिळाला?”

“नाही.”

“जाऊ दे. बोललात का दोघं?”

“बोललो.”

“देवाची कृपा!” ती खरोखर खूश झाली, फोनमधूनही कळत होतं. “फरशी वसूल झाली म्हणायची. आणि ओबेद दिसतो कसा रे आता? बाबांसारखा झालाय का? मी लग्नात बघितलेला, तेव्हा केवढा देखणा होता.”

गार्लंड फोन कानाशी धरून उभा राहिला. पाच दिवस तो भावाच्या शेजारी चालला होता, त्याच्या हातचा चहा प्याला होता, एका दगडामागे गालाला गाल लागेल इतका जवळ बसला होता. कोट आठवत होता, चाल आठवत होती, आवाज आठवत होता. जिथे चेहरा असायला हवा तिथे राखाडी डाग होता, आणि पुन्हा येण्याचे पैसे आणि पुन्हा बघायचे डोळे, दोन्ही संपले होते.

“हो,” तो म्हणाला. “अगदी बाबांसारखा.”

“बघ, मला वाटलंच होतं,” डल्सी म्हणाली, आणि विमान किती वाजता पोचतं ते विचारू लागली.